ब्रोकोलीला फुलं आली की बोलवा

किस्से साठवायचे असं कुणी ठरवत नाही. गच्चीवर फुटक्या बादल्या, गंजके डबे, तीन पायांची खुर्ची साठत जाते, तसे ते साठतात. उपयोग काही नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या गच्चीमंडळाचे किस्से तसेच. मी सुरू केलं की बायको म्हणते, "पुन्हा ब्रोकोली?" त्यामुळं घरात सांगायची सोय उरलेली नाही. तुम्हाला सांगतो. एखादा तपशील इकडचा तिकडं झाला तर सांभाळून घ्या. हल्ली मला माझ्या आठवणींची खात्री वाटत नाही. खरं तर आधीही कशाचीच फारशी वाटत नव्हती.

गच्ची रशीदभाईंची. शहागंजात त्यांचं दोरखंडाचं दुकान: सुतळी, नायलॉनची दोरी, पोहरे, बादल्या. मागच्या गल्लीत दुमजली घर, बाहेरून लोखंडी जिना, वर ऐसपैस गच्ची आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथं जमायचो. एक रशीदभाई. दुसरे देशमुख, चितेगावच्या पलीकडं त्यांची शेती, पण नोकरी सगळी बँकेत गेली. तिसरे गायकवाड मास्तर. जन्मभर गणित शिकवलं आणि आता चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतात. चौथा मी.

मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होतो. नावामागं डॉक्टर आहे. त्यामुळं पानावर ठिपका दिसला की तिघंही माझ्याकडं बघायचे. मी पहिल्याच रविवारी खरं सांगून टाकलं, की माझा प्रबंध मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीवर आहे.

देशमुख म्हणाले, "म्हंजे सर, तुमचा नंबर झाड मेल्यावर!"

*

बाजारात मिळते ती ब्रोकोली म्हणजे एकच मोठा गड्डा. तो कापला की खेळ संपला. आमची जात वेगळी. हिला गड्डा येत नाही. पानांच्या बेचक्यांतून बोटाएवढ्या दांड्या फुटत राहतात आणि प्रत्येकीच्या टोकाला कळ्यांचा झुपका असतो. कापाल तितक्या नव्या फुटतात. अट एकच, कळ्या उमलायच्या आत कापायचं. एकदा पिवळी फुलं आली की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते फुटायचं थांबतं.

हे मी सांगितलं आणि रशीदभाईंनी ते मनावर घेतलं. रविवारी आम्ही पोचायच्या आत ते कात्री घेऊन उभे असायचे. एखादी कळी जरा पिवळी दिसली की ओरडायचे, "पकडो! ये भाग रही है!"

कापलेली भाजी खाली जायची ती टोपलीतून. गच्चीच्या कठड्याला दोरी, दोरीला वेताची टोपली आणि बरोबर खाली स्वयंपाकघराची खिडकी. टोपली भाजी घेऊन खाली जायची आणि चहा घेऊन वर यायची. चहा झाला की भाभी खालून दोरीला दोन हिसके द्यायच्या.

भाभींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या परक्या पुरुषांसमोर येत नसत. खिडकीतून बाहेर येणारा हात, त्यातल्या हिरव्या बांगड्या आणि आवाज एवढीच ओळख. आवाज मात्र खणखणीत होता.

रशीदभाई कठड्यावरून वाकून म्हणायचे, "अगं, एकदा वर येऊन बघ तरी. ही मंडळी गेली की ये. जांभळ्या रंगाची भाजी आहे!"

खालून उत्तर यायचं, "पत्ते देखने कौन चढ़े इतनी सीढ़ियाँ? माझे गुडघे बघा. फूल आए तो बुलाना!"

"फूल आया तो भाजी गई!"

"तो फिर मैं भी नहीं आती!"

दर रविवारी हेच. आम्ही हसायचो. रशीदभाईही हसायचे आणि कात्री चालवायचे.

*

बी गायकवाड मास्तरांच्या मुलीनं इंग्लंडहून पाठवलं होतं. तीन जाती होत्या. एक पांढऱ्या कळ्यांची, एक जांभळी, आणि तिसरीही जांभळीच, पण थंडी न मागणारी. कुणी कुठली लावायची हे माझ्यावर सोपवलं. मी आठवडाभर वाचन केलं आणि देशमुखांना नेमकी दुसरी दिली.

तिला कडाक्याची, लांबलचक थंडी लागते. आमच्याकडं थंडी म्हणजे संक्रांतीच्या आगंमागं चार दिवस मफलर. देशमुखांचं झाड छातीएवढं वाढलं, पानं सुपाएवढी झाली, दांडी मात्र एक फुटेना. पहिला हिवाळा गेला. देशमुखांनी उन्हाळाभर त्याला सावलीत जपलं. दुसरा हिवाळाही कोरडा गेला.

देशमुख म्हणाले, "सर, ही भाजी नाय, भाडेकरू हाय! खातंय, पितंय, देत काय नाय."

मी त्यांना समजावून सांगितलं की झाडाला हिवाळा आल्याचं कळायला हवं. ते बोलायला नको होतं की काय, कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी देशमुख शहागंजातल्या बर्फवाल्याकडं गेले आणि लादी मागितली.

बर्फवाल्यानं भुसा झटकला, लादी गोणपाटात गुंडाळली आणि हळूच विचारलं, "मय्यत किसके घर है, साब?"

आमच्याकडं लग्न नसताना एकटा म्हातारा माणूस अख्खी लादी न्यायला आला तर ती प्रेतासाठीच, दुसरं काय समजणार? देशमुख म्हणाले, "मय्यत नाय बाबा, भाजीला पाहिजे."

बर्फवाल्यानं त्यांच्याकडं खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "अल्ला सबर दे."

*

रशीदभाईंची जात थंडी न मागणारी. तिला भरभरून दांड्या आल्या, गर्द जांभळ्या. पहिली टोपली खाली गेली तेव्हा ते कठड्याशी असे उभे राहिले, जसं काही निकाल लागायचा आहे.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "अजी! रंग निकल गया!"

शिजली की ही भाजी जांभळ्याची हिरवी होते. मला ते ठाऊक होतं, पण मी सांगायचं विसरलो होतो.

"पानी पूरा नीला! कुणी रंगवून दिली काय तुम्हाला?"

रशीदभाईंचा चेहरा पडला. "अपने छत की है! रंगवून कोण देईल?"

"तुम्हारे प्रोफेसर!"

मी वरून ओरडून रंगद्रव्याबद्दल सांगायला लागलो. आम्ल, अल्कली, उष्णता. मधेच मला शंका आली की मी सांगतोय ते बरोबर आहे का, म्हणून थांबलो. मग भाभी म्हणाल्या, "भाईसाब, लिंबू पिळू का, एवढंच सांगा."

लिंबू पिळल्यावर त्या पाण्याला पुन्हा गुलाबी-जांभळा रंग आला. खालून जो हसण्याचा आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. रशीदभाई म्हणाले, "पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली." त्यांचा मुलगा नुकताच दुबईला परत गेला होता.

*

झाड उंच झालं की वाऱ्यानं झुकतं, म्हणून काठीला बांधायचं. मी बांधलेली गाठ रशीदभाईंनी एकदा चष्मा लावून पाहिली.

"प्रोफेसर साब, ये गाठ है या सवाल?"

आयुष्य दोरीत गेलेला माणूस. त्यांची स्वतःची एक गाठ होती. हिरव्या सुतळीचा फास, वर दुहेरी फूल, आणि एक टोक मोकळं. कितीही वारा येवो, हलायची नाही; पण ते टोक ओढलं की एका झटक्यात सगळी सुटायची. त्यांनी ती आम्हाला अनेकदा शिकवली. मास्तरांनी तर कागदावर आकृती काढून घेतली. एकालाही जमली नाही.

देशमुख वैतागून म्हणाले, "सुटायचीच हाय तर बांधायची कशाला?"

रशीदभाई म्हणाले, "देशमुख, बांधने से पहले खोलने का सोचना पड़ता. नहीं तो झाड़ कटता, रस्सी नहीं."

*

पुढच्या डिसेंबरात रशीदभाई गेले. दुकानात बसल्या बसल्या. गिऱ्हाइकाला दोरी मोजून देत होते, हातभर मोजली आणि तशीच हातात राहिली. आम्ही तिघांनी खांदा दिला. मास्तर वाटेत म्हणाले, "हळू चला, त्यांना गर्दी आवडत नाही." आम्ही हळू चाललो.

मुलगा आला, थोडे दिवस राहिला, गेला. खालच्या मजल्यावर पुतण्या राहतो. त्यानं सांगितलं की भाभी आता इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायची ती. साधारण सव्वाचार महिने त्या घराबाहेर पडणार नाहीत, परक्या पुरुषांसमोर येणार नाहीत. म्हणाला, "चाचा, वरच्या झाडांचं तुमचं तुम्ही बघा. किल्ली ठेवा."

पुढच्या रविवारी आम्ही वर गेलो. रशीदभाईंचं झाड, त्या वर्षी उरलेलं एकुलतं एक, दांड्यांनी लगडलेलं. आठवडाभर कुणी कात्री लावली नव्हती, काही कळ्या पिवळ्या पडायच्या बेतात होत्या. कात्री कुणीच उचलेना.

शेवटी मास्तर म्हणाले, "भाभी म्हणायच्या, फूल आए तो बुलाना."

"मग राहू द्या फुलं," देशमुख म्हणाले.

"पण आत्ता आली तर त्या येणार कशा?" मास्तर म्हणाले. "इद्दत एप्रिलअखेर संपेल. तोवर फुलं वाळून जातील, झाडही."

गच्ची घरात धरतात की घराबाहेर, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. माझी बायको भेटून आली होती. मी तिला म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, "ती बाई माझा हात धरून नुसती बसली होती. तिला मी गच्चीचं विचारू?"

तेव्हा असं ठरलं की इद्दत संपेपर्यंत झाड कापत राहायचं, जगवायचं. शेवटी कात्री थांबवायची, फुलं येऊ द्यायची, आणि आपण जिना उतरून गेल्यावर भाभींना वर यायला सांगायचं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एप्रिलपर्यंत हे झाड टिकेल का?

मी म्हणालो, "टिकायला हरकत नाही." असं वाक्य मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत कापत आलो.

आम्ही भाजी कापली, टोपली खाली सोडली. खिडकीतून हात आला, भाजी घेतली. हातात बांगड्या नव्हत्या. टोपली रिकामी वर आली. दोरी हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. हिसका बसला नाही.

*

जानेवारीपासून भांडणं सुरू झाली. कारण, माती ओली.

आमच्या शहरात नळाचं पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळं पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. मास्तर तर चिकलठाण्याहून पिशवीत बाटल्या भरून आणायचे. रिक्षावाल्यानं त्यांना विचारलं, "गंगाजल हाय का?" पण माझ्या पाळीला मी जावं तर माती आधीच ओली. मास्तरांच्या पाळीलाही ओली.

मास्तर म्हणाले, "देशमुख, तुम्ही जास्तीचं घालताय. मुळं कुजतील."

"म्या? माझी पाळी गुरुवारी! सरांना विसरायची सवय हाय, दोनदा घालत असतील."

मला वाटलं, असेलही. मी खरंच दोनदा घालतो का? घरून निघताना, परत येताना? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही गॅस दोनदा बघता, कुलूप तीनदा बघता. पाणीही घालत असाल." तेव्हापासून मी निम्मंच पाणी न्यायला लागलो. माती तरीही ओली!

मास्तरांनी एकदा आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं, शाळेत विचारतात तसं. "कुणी केलं? खरं सांगा, मी रागावणार नाही." देशमुख इतके चिडले की दोन रविवार आले नाहीत. पाळीच्या दिवशी मात्र यायचे, आणि जाताना दार आदळायचे. त्या दोन रविवारी मास्तरांनी आणि मी भाजी कापली. चौघांतले दोघंच उरले की गच्ची फार मोठी वाटते.

*

मार्चमध्ये ऊन चढलं. दांड्या सुतळीएवढ्या बारीक व्हायला लागल्या. पानांच्या मागं मावा पडला. आम्ही शेडनेट लावलं, कडुनिंबाचं पाणी मारलं. टोपलीतून खाली जाणारी भाजी मूठभर, मग चिमूटभर झाली. तरी हात यायचा आणि ती चिमूट घ्यायचा.

देशमुख परत आले ते बर्फाची कल्पना घेऊनच. संध्याकाळी मातीवर बर्फाचा चुरा पसरला तर मुळं गार राहतील. मी म्हणालो की शास्त्रीयदृष्ट्या मला खात्री नाही.

देशमुख म्हणाले, "सर, तुम्हाला कशाची हाय?"

ते त्याच बर्फवाल्याकडं गेले. त्यानं ओळखलं. लादी गुंडाळता गुंडाळता हसून म्हणाला, "क्या साब, फिर भाजी के वास्ते?"

देशमुख लादीवरचा भुसा झटकत राहिले.

बर्फवाल्याचं हसू गेलं. "मय्यत?"

देशमुख म्हणाले, "व्हय."

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सांगताना ते रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, "का म्हणलो काय माहीत. तोंडातनं निघून गेलं."

*

एप्रिलच्या शेवटी झाड गेलं. इद्दत संपायला थोडेच दिवस होते. एका रविवारी वर गेलो तर खोड आतून मऊ पडलेलं, पानं लोंबलेली आणि बुडाशी पांढरा बुरा. मी वाकून पाहिलं. त्या क्षणी गच्चीवर मला खात्रीनं ओळखता येणारी ती एकच गोष्ट होती. बुरशी.

देशमुखांनी त्यांचा जुना विनोद केला नाही. त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं.

एकही फूल आलं नव्हतं. इतके महिने आम्ही ते येऊ दिलं नव्हतं. आता झाडही नाही, फुलंही नाहीत आणि टोपलीत घालायला काही नाही. पुढच्या रविवारी इद्दत संपलेली होती. पुतण्या जिन्याशी भेटला तेव्हा म्हणाला, "चाची को बोलना है तो बोलो खिडकी से, आता हरकत नाय."

आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मास्तर म्हणाले, "सर, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले."

"तुम्ही मुख्य वक्ते होता शाळेत."

"सर, सांगा वो," देशमुख म्हणाले.

मी वाकलो. खाली खिडकी अर्धी उघडी होती. मनात वाक्य दोनदा जुळवलं, तिसऱ्यांदा मोडलं.

"भाभी," मी म्हणालो, "झाड गेलं. फार प्रयत्न केले. तुम्ही म्हणायचात ना, फुलं आली की बोलवा. फुलं काही आली नाहीत. माफ करा."

भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग तो आवाज आला, जो आम्ही डिसेंबरपासून ऐकला नव्हता. जरा बसलेला, पण तोच.

"आए थे ना, भाईसाब."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांचंही तोंड उघडंच.

"टाकी के पिच्छे. पीले पीले, इत्ते सारे. पूरा फरवरी. मैं रोज शाम को पानी डालने आती थी ना, तुम लोग गए के बाद. तुम्हारे झाड़ को भी डालती थी. तुम लोगां टाकी के पिच्छे देखतेच नहीं थे क्या?"

टाकीमागं फुटक्या डब्यांची अडगळ होती. तिथं कोण बघणार? देशमुख आधी गेले, मग मास्तर, मग मी. भिंत आणि टाकी यांच्यामधल्या सावलीत, दुकानातल्या एका फुटक्या बादलीत, एक झाड वाळून उभं होतं. एकाही दांडीला कात्री लागलेली नव्हती. वरपासून खालपर्यंत बारीक शेंगा, बियांनी भरलेल्या. खोड टाकीच्या नळाला हिरव्या सुतळीनं बांधलेलं होतं. फास, वर दुहेरी फूल आणि एक टोक मोकळं.

देशमुखांनी ते टोक बोटात धरलं. ओढलं नाही.

तेवढ्यात कठड्यावरची दोरी हलली. दोन हिसके.

"अजी, रस्सी खेंचो!" खालून भाभी ओरडल्या. "चाय ठंडी होरी!"